घरच्या घरी आकाशकंदील: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्र संपत आलं की आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली कामट्यांचा, म्हणजे बांबूच्या बारीक काड्यांचा, भारा येऊन पडतो आणि मुलं विचारायला लागतात, "काकू, कंदील कधी?" गेली बरीच वर्षं मी हा कंदील मुलांना आणि त्यांच्या आईबाबांना शिकवते आहे. प्रश्न दरवर्षी जवळपास तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. हे सगळं कामट्यांच्या आणि पतंगाच्या कागदाच्या, सहा चौकोनांच्या पारंपरिक कंदिलाबद्दल आहे. बाकीच्या प्रकारांबद्दल ओघात आलं तेवढंच.

पहिल्यांदाच करतोय. चांदणी सोपी की पारंपरिक कंदील?

पारंपरिकच करा. चांदणी दिसायला सोपी वाटते, पण तिच्या पाच टोकांचे कोन सारखे आले नाहीत तर ती लगेच वाकडी दिसते. पारंपरिक कंदिलात सगळ्या काड्या एकाच मापाच्या, सगळे चौकोन सारखे. एक चौकोन जमला की सहा जमतात.

एका कंदिलाला किती कामट्या लागतात?

२४. सहा चौकोन, प्रत्येकाला चार काड्या. मधल्या आठ त्रिकोणांसाठी वेगळी एकही काडी लागत नाही. चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून बांधले की त्रिकोण आपोआप तयार होतात. मुलांना मी हे आधी सांगत नाही. शेवटचा चौकोन बांधून झाला की त्यांनाच मोजायला लावते. "अरे, हे त्रिकोण कुठून आले?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून ऐकायला मला अजून आवडतं.

प्रत्येक काडी १० इंच कापायची, दोन्ही टोकांपासून अर्ध्या इंचावर पेन्सिलीने खूण करायची आणि बांधताना खुणेवर खूण आणायची. म्हणजे चौकोनाची बाजू ९ इंच येते. एकूण २० फूट कामटी लागते. दोन-तीन काड्या हमखास मोडतात, तेव्हा जास्तीच्या आणा.

कामट्या आणायच्या कुठून?

बुरुडाकडून. पुण्यात बुरूड आळी आहे. इतर गावांतही टोपल्या, सुपं विणणाऱ्यांची दोन-चार दुकानं असतातच. "कंदिलाच्या कामट्या द्या" म्हटलं की त्यांना कळतं. काडी आगपेटीच्या काडीपेक्षा जरा जाड, सरळ आणि मध्ये पेर नसलेली बघून घ्या. पेराजवळ ती कडक असते आणि नेमकी तिथेच चिरते. घरी आणल्यावर सगळ्या काड्यांवरून एकदा काचपेपर फिरवा. बांबूचं कुसळ बोटात गेलं तर दोन दिवस ठसठसतं, आणि लहान मूल एकदा दुखावलं की पुन्हा कामटीला हात लावत नाही.

मुंबईकरांना माहीमची कंदील गल्ली ठाऊक असेलच. तिथे तयार कंदील टांगलेले असतात. ते विकत घ्यायचे नसले तरी एकदा जाऊन जवळून बघा. सांगाड्याच्या गाठी कशा मारल्या आहेत हे पुस्तकापेक्षा तिथे लवकर समजतं.

आम्ही परदेशात राहतो. इथे बुरूड कुठला?

बार्बेक्यूसाठी बांबूच्या १२ इंची काड्या मिळतात, त्या छान चालतात. टोकदार बाजू आधी छाटून टाका. त्या बारीक असल्यामुळे दोन-दोन एकत्र बांधल्या तर सांगाडा दणकट होतो. पतंगाच्या कागदाऐवजी भेटवस्तू गुंडाळायचा पातळ टिश्यू पेपर घ्या. काड्याच मिळत नसतील तर त्यांच्याऐवजी वर्तमानपत्राच्या घट्ट गुंडाळलेल्या नळ्या करा. कागद एका कोपऱ्यापासून तिरका, विणायच्या सुईवर गुंडाळायचा, शेवटचा कोपरा चिकटवायचा आणि सुई ओढून घ्यायची. अशा नळ्यांचा कंदील घरात टांगायला उत्तम. बाहेरच्या दमट हवेत मात्र त्या मऊ पडतात.

तयार कंदील केवढा होतो? आमची गॅलरी लहान आहे.

९ इंची बाजूचा कंदील पावणेतेरा इंचांच्या आसपास उंच होतो आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १८ इंच रुंद. खाली दोन फुटांच्या झिरमिळ्या धरल्या तर एकूण उंची तीन फुटांच्या वर जाते. लक्षात ठेवायला सोपं गणित असं: रुंदी बाजूच्या दुप्पट, आणि उंची बाजूच्या दीडपटीला जरा कमी. जागा कमी असेल तर ६ इंची बाजू घ्या. त्याहून लहान नको, आत दिवा मावत नाही.

चौकोन बांधायचे कशाने? रबर चालेल का?

रबर नको. दिव्याच्या उबेने आणि उन्हाने त्याचा तुकडा पडतो, आणि तोही ऐन पाडव्याला. गोधडी शिवायचा जाड दोरा घ्या. काड्या एकमेकींवर ठेवून आधी फुलीसारखे चार वेढे, मग दोन काड्यांच्या मधून दोन वेढे आवळून, आणि गाठ. गाठीवर फेव्हिकॉलचं एक बोट फिरवलं की ती सुटत नाही. आधी सहा सुटे चौकोन पूर्ण करा आणि एकमेकांवर ठेवून बघा. एखादा मोठा-लहान असेल तर तो इथेच सोडवून पुन्हा बांधा. पुढे गेल्यावर तो सुधारता येत नाही.

मग चार चौकोन टोकावर उभे धरायचे, ताटातल्या शंकरपाळ्यांसारखे, आणि कोपऱ्याला कोपरा बांधून त्यांची माळ करायची. माळेची दोन टोकं जोडली की कडं तयार होतं. पाचवा चौकोन त्याच्या वरच्या चार टोकांना, सहावा खालच्या चार टोकांना. झाला सांगाडा. एकट्याने कडं सांभाळणं अवघड जातं, दोघं असाल तर दहा मिनिटांचं काम.

सांगाडा बांधला, पण उचलला की पिळतो. माझं काय चुकलं?

काही चुकलेलं नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि इथेच बहुतेक लोक वैतागून कंदील सोडून देतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तीन काड्यांचा त्रिकोण बांधून दाबून बघा. तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन दाबून बघा. तो लगेच तिरपा होतो, गाठी कितीही घट्ट असल्या तरी. आपल्या सांगाड्यात आठ त्रिकोण आहेत, ते पक्के आहेत. सहा चौकोन आहेत, ते ढिले आहेत. म्हणून वरचा चौकोन हातात धरून जरासा फिरवला की अख्खा कंदील स्क्रूसारखा वळत खाली बसतो. तो मुद्दाम एकदा वळवून बघा, फार सुंदर हालचाल आहे. मुलं तर तेच करत बसतात.

तो पक्का करायचा म्हणजे सहाही चौकोनांचे कर्ण बांधून टाकायचे. बाजूच्या चार चौकोनांवर ताणून चिकटवलेला कागद हे काम करतो. राहिले वरचा आणि खालचा, जे आपण उघडे ठेवतो. या दोघांना समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोऱ्याची फुली घालायची. एकच तिरका दोरा पुरत नाही, कारण सांगाडा उजवीकडे पिळायचा थांबला तरी डावीकडे पिळतोच. फुलीचे दोन्ही दोरे सारख्या लांबीचे हवेत. एक दोरा मोजून घ्या आणि दुसरा अगदी तेवढाच ठेवा. कर्ण सारखे झाले की चौकोन काटकोनात आलाच. सुतळी वापरू नका, ती ताणली जाते.

कागद लावण्याआधी बाजूच्या चार चौकोनांनाही तात्पुरती फुली घातली तर फारच बरं. कागद लावताना सांगाडा मांडीवर आडवातिडवा होतो, आणि तो पिळलेला असताना कागद चिकटवला तर कंदील जन्मभर तसाच पिळलेला राहतो. आमच्याकडे एका वर्षी १४ कंदील झाले. त्यांतले ज्यांनी घाईने फुली गाळली ते तीन दुरूनच ओळखू येत होते. लोक कागदाच्या रंगांवर तासभर विचार करतात आणि सांगाडा दहा मिनिटांत उरकतात. माझं ऐकाल तर उलट करा. दिवा लागल्यावर डोळ्याला आधी आकार दिसतो.

आणखी एक: वरच्या फुलीचा मधला बिंदू बरोबर कंदिलाच्या मध्यावर येतो. तिथेच दिव्याची वायर बांधायची आहे, तेव्हा ती फुली दोऱ्याऐवजी बारीक तारेची केलीत तर दोन कामं होतात.

खळ की फेव्हिकॉल?

काड्यांच्या गाठींना फेव्हिकॉल, कागदाला खळ. फेव्हिकॉलने पातळ कागद आखडतो आणि वाळल्यावर डाग दिव्याच्या उजेडात दिसतात. खळ लावलेला कागद ओला असेपर्यंत सरकवता येतो, हा मोठा फायदा.

दोन मोठे चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, मग एक कप पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत राहा. पांढरट रंग जाऊन ती पारदर्शक दिसायला लागली आणि चमच्याच्या पाठीवर थर धरू लागली की उतरवा. गार झाल्यावर ती अजून घट्ट होते, त्यामुळे पिठल्यापेक्षा जरा पातळच ठेवा. मैदा नसेल तर कणीक चालते, फक्त कोंडा चाळून काढा.

खळीत मोरचूद घालतात ना?

बाइंडिंगवाले घालतात, कीड लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे आणि कंदील करताना मुलांची बोटं सारखी तोंडात जातात. आपल्याला खळ वर्षानुवर्षं टिकवायची नाही. लागेल तेवढीच ताजी करा, उरली तर टाकून द्या.

कागद कोणता आणि किती?

पतंगाचा. जिलेटीन कागद झगझगीत दिसतो, पण त्यातून आतला दिवा आणि वायर सरळ दिसतात आणि उजेड पसरत नाही. पतंगाच्या कागदात उजेड भिनतो, सगळी बाजू सारखी उजळते. कार्डशीट नको, त्यातून उजेडच येत नाही.

दुकानात ताव २० बाय ३० इंचांचा मिळाला तर हिशेब सरळ आहे. अर्ध्या इंचाची घडी सगळीकडून सोडून चौकोनाला १० बाय १० चा तुकडा लागतो, एका तावात असे सहा बसतात आणि आपल्याला चार हवेत. त्रिकोण उलटे-सुलटे आखले तर आठही दुसऱ्या एका तावात येतात. झिरमिळ्यांना दोन, कडांवर लावायच्या कागदी करंज्यांना एक. पाच ताव पुरतात, सहा आणा.

रंगांबद्दल माझं मत पक्कं आहे: चौकोन एका रंगाचे, त्रिकोण दुसऱ्या, बस. पिवळा आणि राणी, किंवा पांढरा आणि केशरी. गडद निळा, जांभळा दिवसा सुरेख दिसतात, रात्री काळे पडतात. शंका असेल तर कागद दुकानातल्या दिव्यासमोर धरून बघा.

कागदाला सुरकुत्या पडल्या. आता काय?

पूर्ण वाळू द्या, मग लांबून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. पातळ कागद सुकताना आक्रसतो आणि ताणला जातो. आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर करून बघा, कारण काही कागदांचा रंग पाण्याने सुटतो.

करंज्या कशा करायच्या?

तीन इंची चौकोनी तुकडा घ्या. समोरासमोरची दोन टोकं एकमेकांवर आणून खळीच्या ठिपक्याने चिकटवा, पण घडी अजिबात दाबू नका. पोट फुगलेलं राहिलं पाहिजे, सारण भरलेल्या करंजीसारखं. या करंज्या चौकोनांच्या कडांवर ओळीने लावायच्या. जोड झाकले जातात आणि कंदिलाला भरदारपणा येतो. हे काम पाच वर्षांचं मूलही करतं. आमच्याकडे आज्याही बसतात. गेल्या वर्षी ८० च्या पुढच्या एक आजी न बोलता तासभर करंज्या करत होत्या. डावा अंगठा आत घालून कागद त्यावर वळवायचा आणि चिकटवल्यावर अंगठा हळूच काढून घ्यायचा, ही त्यांची पद्धत आता सगळी मुलं वापरतात.

झिरमिळ्या एकेक चिकटवायच्या का?

नाही. कागदाची सैल सुरळी करा, वरची दोन इंच सोडून बाकी भाग इंचा-इंचाच्या पट्ट्यांत कापा आणि उलगडा. सलग झालर मिळते, ती खालच्या चौकोनाच्या चारही बाजूंना फिरवून चिकटवा. पट्ट्या दीड ते दोन फूट लांब ठेवा. त्याहून लांब ठेवल्या तर वाऱ्याने एकमेकींत गुंततात.

आत किती वॉटचा दिवा लावू?

५ ते ७ वॉटचा एलईडी, पिवळसर उजेडाचा. पांढऱ्याशुभ्र उजेडात कागदाचे रंग फिके पडतात. जुना ६० वॉटचा बल्ब घरात पडला असेल तर तो वापरू नका. तो एवढा तापतो की जवळचा कागद करपतो. एलईडीही मानेपाशी गरम होतो, म्हणून वरचा चौकोन कागदाने बंद करायचा नाही. दिवा मध्यावर लोंबला तर ९ इंची कंदिलात कागद सगळीकडून साधारण सहा इंच लांब राहतो.

कंदिलाचं वजन वायरवर टाकू नका. टांगायला वेगळी दोरी, वायर तिच्या बाजूने सैल. वायरला मध्येच जोड नको, आणि प्लग घराच्या आत.

हौसेने आत पणती ठेवली तर?

नका ठेवू. कागद, बांबू आणि वारा. पणत्या उंबरठ्यावर.

परतीचा पाऊस आला तर?

येतोच. रोज वरून झाकता येईल अशी पारदर्शक प्लॅस्टिकच्या जाड कागदाची टोपी कंदिलाच्या वर चार इंच अंतर सोडून बांधा. थेट कागदावर टेकवली तर आतून ओल धरते. आणि झिरमिळ्यांना क्रेप कागद वापरू नका. एका वर्षी आमच्या लाल क्रेपचे ओघळ खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर उतरले. त्या काकू काही बोलल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून क्रेप बंद.

थर्माकोलचा कंदील किंवा मखर करता येईल का?

नाही. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीचं थर्माकोल देशभर बंद आहे. फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्याही त्याच यादीत आहेत. वाढदिवसाला फुगे उभे करायचे असतील तर आपल्या उरलेल्या कामट्या आहेतच. मखरासाठी पुठ्ठ्याचे खोके आणि कामट्यांच्या कमानी घ्या. कामटी रात्रभर पाण्यात ठेवली की हवी तशी वाकते.

हेच तंत्र बारशाला, वाढदिवसाला वापरता येईल?

नक्कीच. खराट्याचे हीर घेऊन ३ इंची बाजूचे छोटे कंदील करा, दिव्याशिवाय, आणि पाळण्याच्या वर वेगवेगळ्या उंचीवर सोडा. बाळाच्या हाताला लागणार नाहीत एवढे उंच. उरलेल्या कागदाच्या पताका होतात. कागदाची पंख्यासारखी घडी घालून मध्ये दोरा आवळला आणि टोकं जोडली की गोल चक्र मिळतं. अशी सात-आठ चक्रं भिंतीवर लावली तर विकतच्या पडद्याची गरज नाही. वाढदिवसाला आलेल्या मुलांनाच तासभर करंज्या करायला बसवा, खेळ वेगळे शोधावे लागत नाहीत.

कोणत्या वयाच्या मुलांना काय द्यायचं?

सात वर्षांपर्यंत करंज्या आणि कागद चिकटवणं. आठ-नऊला झिरमिळ्या कापणं, गोल टोकाच्या कात्रीने. दहाच्या पुढे गाठी. कामटी चिरणं आणि ब्लेड मोठ्यांकडेच. आणि कृपा करून मुलाची वाकडी करंजी तो झोपल्यावर सरळ करू नका. त्याला ती सकाळी कळते.

कधी लावायचा, कधी उतरवायचा?

आमच्याकडे वसुबारसेला लागतो. काही घरी तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात, काही त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. करायला मात्र दसऱ्यानंतर लगेच घ्या. गोव्यात दिवाळीला कंदिलांच्या स्पर्धा होतात, तिथली मंडळी तर त्याच्याही आधीपासून लागलेली असतात.

सांगाडा पुढच्या वर्षी वापरता येतो?

येतो. कागदावर ओलं फडकं दाबून ठेवलं की खळ सुटते आणि कागद अलगद निघतो. सांगाडा सावलीत दोन दिवस वाळवा, वरच्या-खालच्या फुल्या सोडा आणि मगाशी सांगितला तसा वळवून चपटा करा. माळ्यावर कमी जागेत बसतो. काड्यांखाली पिवळा भुगा दिसला तर भुंगा लागला आहे असं समजा, तेवढ्या काड्या बदला. नव्या कामट्या वापरण्याआधी चार-पाच दिवस पाण्यात बुडवून ठेवल्या, रोज पाणी बदललं आणि मग कडक वाळवल्या तर हा त्रास खूप कमी होतो. आमच्या दारात यंदा लागणारा सांगाडा सहा वर्षांचा आहे. त्याच्या दोन काड्या नव्या आहेत, बाकी २२ त्याच.